केळकरांचं खातं

माणसानं काय पाळावं याला हल्ली काही धरबंद राहिलेला नाही. आमच्या लहानपणी पाळायच्या गोष्टी ठरलेल्या असत. कुत्रा, मांजर, पोपट आणि परिस्थिती जरा बरी असली तर गाय. त्यापलीकडे पाळायची ती सोयरसुतकं आणि डॉक्टरांनी सांगितलेली पथ्यं. पण जे पाळलं जाई त्याचा काही ना काही उपयोग असे. कुत्रा चोरावर भुंके, मांजर उंदीर धरी, गाय दूध देई आणि पोपट आल्यागेल्या पाहुण्यासमोर घरातली भांडणं आवाजासकट म्हणून दाखवी. अगदीच काही नाही तर जनावर निदान ओळख तरी दाखवी. संध्याकाळी दमूनभागून घरी यावं आणि कुणीतरी शेपूट हलवावं, एवढ्या भांडवलावर माणसं पंधरा-पंधरा वर्षं कुत्र्याला दूधपोळी घालतात.

मी कॉमर्सचा माणूस. बी. कॉम. होऊन बँकेला चिकटलो त्याला वीसेक वर्षं झाली. पूर्वी आम्हाला क्लार्क म्हणत, आता कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. टेबल तेच आहे, खुर्ची तीच आहे, खुर्चीचा मोडका हातही तोच आहे. या नोकरीनं मला तत्त्वज्ञान म्हणून एकच गोष्ट शिकवली. प्रत्येक जमा रकमेला कुठे तरी नावे पडलेली असते. कुणाच्या खात्यात दहा रुपये आले, की कुणाच्या तरी खात्यातून दहा रुपये गेलेच म्हणून समजा. लुका पाचिओली नावाच्या इटालियन साधूनं हे १४९४ साली आपल्या गणिताच्या जाडजूड पुस्तकात छापून ठेवलं आहे. साधू होता म्हणून सांगतो. संसारातली इतकी मोठी गोष्ट नेमकी एका संन्याशाच्या लक्षात राहावी याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

तर या हिशेबानं कुत्र्याची शेपूट ही पोच झाली. तुम्ही दिलं, त्याला मिळालं, त्यानं सही केली. व्यवहार पुरा. पण जो पोच देतच नाही, तुम्ही कोण हे ज्याला कळत नाही आणि जन्मात कळणार नाही, अशा जिवाचं आपण का करावं? आणि करायचं झालं तर ते कुणाच्या खात्यातून वळतं करायचं? या प्रश्नांचा विचार करायची पाळी माझ्यावर एका बेडकामुळे आली.

बेडकाचा आणि माझा संबंध जुना आहे. खरं सांगायचं तर मी कॉमर्सला गेलो तोच बेडकामुळे. दहावीनंतर सायन्स घेतलं की बेडूक फाडावा लागतो, असं आमच्या चाळीतली मोठी मुलं सांगत, आणि सांगताना स्वतःचे हातपाय चारी बाजूंना ताणून दाखवत. मी त्या रात्रीच ठरवलं, की आपण आयुष्यात फाडायच्या त्या फक्त पावत्या.

आपल्या भाषेनंही बेडकाला कधी बरं वागवलेलं नाही. ज्याला जगाची माहिती नाही तो कूपमंडूक, ज्याला धड चालता येत नाही त्याच्या बेडूकउड्या, आणि ऐपतीबाहेर फुगतो तोही बेडूकच. वेद मात्र जास्त उदार होते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडळात एक अख्खं सूक्त बेडकांवर आहे. पावसाच्या सुरुवातीला ओरडणाऱ्या बेडकांची तुलना त्यात मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांशी केली आहे. ही कुणाची स्तुती आणि कुणाची थट्टा यावर विद्वानांना वाद घालू द्या. मांडूक्य उपनिषदाचं नावच बेडकावरून आलं आहे आणि मुख्य उपनिषदांत ते सगळ्यांत छोटं आहे. बाराच मंत्र. बेडकाला जास्त बोलता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आजोळी, सावंतवाडीच्या बाजूला, आमच्या न्हाणीघरात दर पावसाळ्यात एक झाडबेडूक येऊन राहत असे. हंड्याच्या मागच्या भिंतीवर तो चिकटलेला असे, ओल्या पोफळीच्या रंगाचा. आजी अंधारात आंघोळीला जाताना दारावर दोनदा थाप मारी आणि म्हणे, “सर रे बाजूक.” तो सरत नसे. त्याचं कुणी काही करत नसे आणि तोही कुणाचं काही करत नसे. दिवाळीच्या आसपास तो निघून जाई. तो पाळलेला नव्हता, राहायला होता. या दोन गोष्टींतला फरक तेव्हा मला कळला नव्हता. घाटात वर आंबोलीला पावसाळ्यात हिरवेगार उडते बेडूक असतात. ते बोटांमधले पडदे पसरून झाडावरून तरंगत खाली येतात आणि पाण्यावर ओणवलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतात. ते बघायला पुण्या-मुंबईची मंडळी टॉर्च घेऊन येतात, फोटो काढतात आणि भजी खाऊन परत जातात. तेही ठीक. बेडूक आपल्या झाडावर, माणसं आपल्या गाडीत.

पण माझ्या भाचीचा बेडूक काचेच्या पेटीत होता.

माझी धाकटी बहीण सिडनीला असते. गेल्या जानेवारीत साठलेली रजा काढून मी तिच्याकडे महिनाभर गेलो. आमची ही आली नाही, कारण मुलाची बारावी. (बारावीच्या मुलाला आई लागते, बाप लागत नाही, यावर आमच्या घरात एकमत आहे.) दारात बॅग ठेवतो न ठेवतो तोच तेरा वर्षांची भाची म्हणाली, “मामा, केळकरांना भेट ना!”

मला वाटलं कुणी शेजारी असतील. पॅरामॅटाच्या त्या बाजूला मराठी माणसं पुष्कळ आहेत. मी शर्ट खोचला. तिनं मला हाताला धरून एका उभ्या काचेच्या पेटीसमोर नेलं. आत एक फांदी होती आणि फांदीवर केळकर बसले होते. हिरवे, गुबगुबीत, वीतभराच्या निम्मे. डोळ्यांवर चरबीच्या घड्या आल्यामुळे चेहऱ्यावर पेन्शनरांचा प्रसन्न आळस. हयातीचा दाखला द्यायला नोव्हेंबरात जी मंडळी काउंटरवर येतात, त्यांत हा चेहरा मी शंभरदा पाहिलेला आहे.

नावाचा उलगडा मेहुण्यांनी केला. हा बेडूक केळ्याच्या खोक्यातून आला, म्हणून केळकर. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, क्वीन्सलँडमध्ये, केळीच्या बागा आहेत. तिथले बेडूक दिवसा सावलीला म्हणून घडांत शिरून झोपतात आणि जाग येते ती ट्रकमधून हजारएक मैल दक्षिणेला, सिडनीच्या एखाद्या फळवाल्याच्या दुकानात. असे वाट चुकलेले बेडूक तिकडे इतके नेहमी सापडतात, की त्यांना ‘बनाना बॉक्स फ्रॉग’ असं नावच पडलं आहे. त्यांची सोय लावणारी माणसंही आहेत. फ्रॉग अँड टॅडपोल स्टडी ग्रुप म्हणून एक मंडळ आहे, ते अशा बेडकांना परवाना असलेल्या घरांत दत्तक देतं. परवाना लागतोच. त्या राज्यात रानातून बेडूक उचलून आणून पाळता येत नाही. आमच्याकडे सरकारी परवान्यानं बंदूक मिळते, तिकडे बेडूक मिळतो. परवाना बहिणीच्या नावावर होता आणि बेडूक भाचीच्या. म्हणजे खातं अज्ञान मुलाचं, पालक म्हणून सही आईची. हे मला लगेच समजलं.

बाकी कागदपत्रांच्या बाबतीत केळकरांची परिस्थिती नाजूकच होती. या जातीचं वर्णन पहिल्यांदा छापलं गेलं ते १७९० मध्ये, जॉन व्हाइट नावाच्या सर्जनच्या प्रवासवर्णनात. म्हणून इंग्रजीत याला व्हाइटचा झाडबेडूक म्हणतात. शास्त्रीय नावातला ‘सेरुलिया’ म्हणजे निळा, कारण स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेल्या नमुन्यातला पिवळा रंग उतरला आणि मागे निळा तेवढा उरला. म्हणजे आडनाव पांढरे, पाळण्यातलं नाव निळे आणि प्रत्यक्ष समोर उभा राहिला तर हिरवा. आमच्या शाखेत याचं केवायसी सात जन्मांत झालं नसतं.

मी साहजिकच म्हणालो, “बिचाऱ्याला परत का नाही पाठवत? नाहीतर मागच्या बागेत तरी सोडून द्या. पुण्य लागेल.” आपल्याकडे पिंजऱ्यातलं पाखरू विकत घेऊन सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत. सोडलं की पुण्य, हे आपलं गणित.

“मामा, नाही सोडता येत,” भाची म्हणाली. “कायट्रिड.”

कायट्रिड ही एक बुरशी आहे. ती बेडकाच्या कातडीला धरते. बेडकाचं निम्मं आयुष्य कातडीतूनच चालतं. पाणी तो तोंडानं पीत नाही, पोटाखालच्या कातडीनं शोषतो. क्षारांचा तोलही कातडीच सांभाळते. बुरशीनं तो तोल बिघडला की हृदय थांबतं. हा रोग शास्त्रज्ञांच्या नजरेत १९९८ च्या सुमाराला आला. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभराचा हिशेब प्रसिद्ध झाला. बेडकांच्या वर्गातल्या किमान ५०१ जातींना या बुरशीची झळ बसली आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्या किंवा झाल्यात जमा आहेत. तेव्हा कुठल्या बागेतून, कुठल्या खोक्यातून, कुणाच्या संगतीत आलेला बेडूक दुसऱ्या ठिकाणी सोडायचा म्हणजे एकाला मोकळं करून तिथल्या सगळ्या बेडकांना संकटात टाकायचं. केळकरांना स्वातंत्र्य मिळालं असतं, ते दुसऱ्याच्या खात्यातून. म्हणून केळकरांना जन्मठेप. गुन्हा काय, तर केळ्यात झोप लागली.

यावर बहीण काही बोलली नाही. तीही दोन वर्षांसाठी म्हणून गेली होती, त्याला आता सतरा वर्षं झाली. पण तो विषय वेगळा. असो.

माझ्या मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यात भाची सुट्टीतल्या शिबिराला दहा दिवस गेली. बहीण आणि मेहुणे सकाळी सातला घराबाहेर पडत. तेव्हा केळकरांचा चार्ज माझ्याकडे आला. भाचीनं चार्ज रीतसर दिला, आमच्या हेडकॅशिअरलाही साधणार नाही इतका. पेटीतली हवा दिवसा किती गरम हवी, रात्री किती, ओल किती हवी, हे दाखवणारी दोन घड्याळं. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. नळाचं पाणी तसंच घालायचं नाही, त्यातलं क्लोरिन मारणारे थेंब टाकून घालायचं. पाण्याची वाटी रोज धुवायची, साबणाशिवाय. वरचा दिवा अमुक वाजता बंद. हे सगळं लिहून त्याखाली लाल अक्षरांत एक ओळ होती आणि तिच्याखाली दोन रेघा. ‘हात लावायचा नाही.’

“अगदीच लागला तर आधी हात धुवायचे, मग साध्या पाण्यानं ओले ठेवायचे,” ती म्हणाली. “आपल्या हातावर सॉल्ट असतं, क्रीम असतं. त्याच्या स्किनमधून सगळं आत जातं.”

आमचं सगळं प्रेम हातांत असतं हो! पोर दिसलं की गालगुच्चा, मित्र भेटला की पाठीत धपका, गायीच्या गळ्याखाली खाजवायचं, आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवायचा. इथं प्रेमाची पहिली अट, की हात मागे. ज्या तळव्यानं मी दहा दिवस त्याची वाटी धुतली, तोच तळवा त्याला मायेनं टेकवला तर बाधायचा. मी पेटीसमोर हाताची घडी घालून उभा राहत असे. केळकर माझ्याकडे पाहत. पाहत म्हणजे, त्यांचे डोळे माझ्या दिशेला असत. अधूनमधून ते कातडी टाकत, अंगातला बनियन डोक्यावरून काढावा तशी, आणि काढलेला बनियन शांतपणे खाऊन टाकत. काटकसरीचा एवढा मोठा नमुना मी कोब्राच्या कॅन्टीनमध्येही पाहिला नाही.

इथपर्यंत सगळं सोसण्यासारखं होतं. पण बेडूक भाजीपोळी खात नाही.

स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा होता. त्यात अंड्यांचे पुठ्ठे उभे करून ठेवलेले, आणि पुठ्ठ्यांच्या खळग्याखळग्यांतून रातकिडे. ओपनिंग बॅलन्स एकेचाळीस, हे मी मोजून घेतलं होतं. चार्ज घेताना मोजून घ्यायची ही आमची सवय. आठवड्यातून दोनदा पाच-पाच रातकिडे केळकरांना द्यायचे, जिवंत. मेलेला त्यांना दिसत नाही, हलतो तेवढाच दिसतो. देण्यापूर्वी ते पिशवीत घालून कॅल्शियमच्या पांढऱ्या पावडरीत हलवून घ्यायचे, म्हणजे आपण शेंगदाण्यांना मीठ लावतो तसं. आणि रातकिड्यांनाही उपाशी ठेवायचं नाही. त्यांना गाजर, लाल भोपळा, ओट्स. कारण त्यांच्या पोटात जे जाईल ते केळकरांच्या पोटात जाणार. रोज सकाळी मी गाजराच्या चकत्या करून डब्यात ठेवू लागलो. चकती ठेवली की सगळे मिशा हलवत गोळा होत. ती पोच होती. नीट विचार करा, त्या घरात मला ओळखणारं, माझ्या हाताची वाट बघणारं कुणी असेल तर ते हे एकेचाळीस जण. आणि मी त्यांना खाऊ घालत होतो ते कशासाठी?

आमचं घर शाकाहारी. घरात झुरळ निघालं तरी आमची ही त्याला केरसुणीनं आधी दाराकडे वळायची संधी देते. पहिल्या फीडिंगच्या दिवशी नेमकी संकष्टी होती. मी तिला व्हिडिओवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अहो, संकष्टीला?”

“संकष्टी माझी आहे, त्यांची नाही,” मी म्हणालो.

“पण हात तुमचे ना?”

पंचवीस वर्षांपूर्वी बी. कॉम.ला ऑडिट हा विषय मला होता. असा प्रश्न एकाही परीक्षकानं विचारला नव्हता.

सिडनीचा उन्हाळा. आठ वाजले तरी उजेड. रात्रीचे दहा वाजून गेले तरी चंद्राचा पत्ता नव्हता. मी उपाशी, समोर पेटीत मंद उजेड, आणि केळकर जागे झालेले. बेडूक संध्याकाळनंतर माणसात येतो. पाच पांढरे रातकिडे मी चिमट्यानं आत सोडले. केळकरांनी मान किंचित तिरकी केली. पुढे काय झालं ते दिसलंच नाही, एवढंच कळलं की चार आहेत. गिळताना त्यांचे दोन्ही डोळे आत ओढले जातात आणि घास खाली ढकलायला मदत करतात. म्हणजे खाताना ते डोळे मिटतात. मला वाटलं, चला, निदान तेवढं तरी.

केळकरांची जात पेटीत पंधरा-वीस वर्षंही जगते. मी रात्री अंथरुणावर पडून हिशेब केला. आठवड्याला दहा, वर्षाला पाचशेवीस, पंधरा वर्षांचे सात हजार आठशे. एका बेडकाला आम्ही वाचवलं, ही जमा. ही सात हजार आठशे नावे. ती दयेच्या कुठल्याही पासबुकात छापलेली मी पाहिलेली नाहीत. तुम्ही म्हणाल, रानात असता तर त्यानं खाल्ले नसते का? खाल्ले असते. शेतातल्या बेडकाचं तर ते कामच आहे. भारतानं १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, तिच्यामागे हाही हिशेब होता. बेडूक गेले की शेतात किडे माजतात. पण रानातला रातकिडा पळू शकतो. आजोळच्या न्हाणीघरात जे डास जात ते आपल्या पायांनी नव्हे, पंखांनी जात, आणि त्यांना आधी कुणी गाजर दिलेलं नसे. आजी त्या व्यवहारात कुठेच नव्हती. पाळणं म्हणजे आपण व्यवहारात येणं. मग तिथं हात कुणाचे, हा प्रश्न आमची ही विचारतेच.

दुसऱ्या फीडिंगला एक गोष्ट झाली. पाचांपैकी एक रातकिडा केळकरांना सापडला नाही. तो फांदीवरून चढत चढत थेट त्यांच्या डोक्यावर जाऊन बसला. जगातली सर्वांत सुरक्षित जागा ती, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. भाचीच्या कागदावर लिहिलं होतं, की न खाल्लेले किडे रात्री आत ठेवायचे नाहीत, ते बेडकालाच चावतात. मी चिमट्यानं त्याला अलगद उचलून डब्यात परत टाकला. त्याची एक मिशी अर्धी तुटलेली होती.

तिसऱ्या फीडिंगला पाच जण काढताना हा पहिला हाताला लागला. अर्धी मिशी. मी थांबलो. एकदा सुटलेल्याला पुन्हा पाठवायचं हे काही मनाला पटेना. फाशीचा दोर तुटला तर कैद्याला सोडून देतात, असं आपण गोष्टींतून ऐकलेलं असतं. मी त्याला बाजूला केला. आणि पाच भरायचे होते, म्हणून दुसरा घेतला.

तो दुसरा चांगला होता हो. दोन्ही मिशा शाबूत, गाजर खात होता. त्याचा गुन्हा एवढाच, की तो कधी सुटला नव्हता, म्हणून मी त्याला ओळखत नव्हतो. अर्ध्या मिशीवाल्यावर मी दया केली आणि तिची रक्कम त्याच्या खात्यातून काढली, त्याला न विचारता, एकाही सहीशिवाय. बँकेत याला काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही. पण हेही खरं, की कुणावरच दया करायची नाही म्हटलं तर मला त्या पाचांत अर्ध्या मिशीवाला घालावा लागला असता, आणि तेही माझ्या हातून होत नव्हतं. मी चिमटा धरून त्या पडवीत बराच वेळ उभा होतो. केळकर आत वाट बघत असतील असं म्हणायची सोय नाही. ते वाट बघत नाहीत. ते असतात.

ते सुखी आहेत का, असं मला पुष्कळांनी इथं परत आल्यावर विचारलं. आमचा कॅशिअर जाळीच्या केबिनमध्ये बसतो. जेवायची वेळ ठरलेली, एसी एकवीसवर, सापाची भीती नाही. त्यालाही विचारून पाहिलं. तो म्हणाला, “मला साडेपाचला सोडतात.” बेडकाच्या बाबतीत माझी समजूत अशी झाली, की त्याचं पोट भरलेलं आहे, कातडी ओली आहे, आणि पाऊस आला की तो ओरडतो. एका दुपारी छपरावर सरी वाजल्या तेव्हा केळकर पेटीतल्या बांबूच्या नळीत शिरून असे ‘क्रॉक क्रॉक’ गरजले, की वर मजल्यावर मी दचकलो. नळीत आवाज घुमतो. तिकडचे रानातले बेडूक पन्हाळीच्या नळांत शिरून असंच ओरडतात म्हणे. तो आवाज आनंदाचा होता की नुसता बेडकाचा, हे मला ठरवता आलं नाही. एक मात्र झालं. कुणी नाही उत्तर दिलं, तेव्हा मीच खालून जिन्यावरून एकदा ओरडून पाहिलं. ते गप्प झाले.

दहा दिवसांनी भाची आली. मी चार्ज परत दिला. शिल्लक पंचवीस. पंधरा काढले, एक परत जमा, एक परस्पर मेला, आणि एकाचा फरक मला लागला नाही. तिनं डब्यात डोकावून पाहिलं आणि अर्धी मिशी तिला लगेच दिसली. “मामा, हा ओल्ड आहे. आधी ओल्ड द्यायचे असतात, ते फार दिवस नाही जगत.” मी तिला सगळं सांगितलं. डोक्यावर बसल्याचं, परत काढल्याचं, दुसरा घेतल्याचं. तेरा वर्षांची मुलगी, मला वाटलं हसेल.

ती हसली नाही. तिनं विचारलं, “केळकरांनी तुला ओळखलं का?”

“छे. तुला ओळखतात?”

“नाही. मी ओळखते ना त्यांना.” मग तिनं लोणच्याची एक रिकामी बरणी आणली, झाकणाला भोकं पाडली, आत पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि गाजराची चकती टाकली आणि अर्ध्या मिशीवाल्याला त्यात सोडलं. बरणी खिडकीत ठेवून झाल्यावर ती जरा थांबली. “पण मग सॅटर्डेला एक कमी पडेल पुढे कधीतरी.”

“पडेलच,” मी म्हणालो.

रात्री बरणीतून तो बारीक आवाजात किरकिरू लागला. मेहुण्यांना झोप येईना म्हणून बरणी पडवीत गेली. मी निघायच्या आदल्या दिवशी भाची आणि मी दुकानातून रातकिड्यांची नवी डबी घेऊन आलो. घरी आल्यावर मी सवयीनं पुठ्ठे बाजूला करून मोजायला बसलो. तिनं माझ्या हातातून डबी काढून घेतली.

“मामा, या वेळी नको ना मोजूस.”